तोंडभर खिळे

टकाटकच्या तोंडात एका वेळी चाळीस खिळे राहत. डावा गाल म्हणजे कोठार आणि जीभ म्हणजे हमाल. जीभ एकेक खिळा उचलायची, अंधारातच फिरवून त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला आणायची आणि पुढच्या दोन दातांत धरून द्यायची. चुंबक बसवलेली हातोडी ओठांशी यायची, खिळा टिपायची आणि सोफ्याच्या चौकटीवर उतरायची. पहिल्या टोल्याला खिळा उभा, दुसऱ्याला आत. टक-टक. टक-टक. तेवढ्यात डावा हात कापड ताणून धरायला मोकळा. गल्लीतल्या लोकांनी त्या आवाजावरून त्याचं नाव पाडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव फक्त दुकानाच्या पाटीवर उरलं. ती पाटीही उन्हाने पुसत आलेली.

ही विद्या त्याला मामाने दिली. पहिल्या दिवशी मामाने त्याच्या जिभेवर एकच खिळा ठेवला आणि म्हणाला, "गिळलास तर आईला काय सांगायचं ते तूच बघ." मामा स्वतः साठ खिळे ठेवायचा आणि वर शिट्टीही वाजवायचा. पण पन्नाशीला मामाचे दात हलायला लागले आणि दोन वर्षांत पुढची अख्खी ओळ गेली. खिळा धरून द्यायला तोंडात कोणी राहिलं नाही. मामाने हातोडी खुंटीला टांगली, दुकानाच्या पायरीवर बैठक मारली आणि मरेपर्यंत आल्यागेल्याला एकच सांगत राहिला, "आपल्या धंद्यात तोंड पन्नाशीपर्यंतच. पुढे बसून राहायचं."

टकाटकला आता अठ्ठेचाळिसावं लागलं होतं. आणि त्याचा वरचा पुढचा दात जिभेने ढकलला की हलत होता.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. रक्ताचं तर सांगण्यासारखं काही आहे असंच त्याला वाटत नव्हतं. हिरड्यांतून रक्त यायचं, वर्षानुवर्षं यायचं. तो खिळे डाव्या गालातून उजव्या गालात न्यायचा, चार दिवस मिठाच्या पाण्याने चूळ भरायचा आणि खिळेवाल्याला शिव्या घालायचा. सुताराच्या बोटात कुसळ जातं, शिंप्याला सुई टोचते, सोफेवाल्याच्या तोंडात खिळा टोचतो. त्यात काय नवल? ब्रश केला की रक्त जास्त यायचं, म्हणून त्याने ब्रशच कमी केला. आधी दिवसाआड, मग आठवण झाली तर.

बायको दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर खोळी शिवायची. ती कधी तरी म्हणायची, "अहो, तुमच्या तोंडाला गंजलेल्या डब्याचा वास येतो."

"लोखंड खातो मी दिवसभर. अत्तराचा वास येईल काय?"

"अत्तराचा नको. माणसाचा आला तरी पुरे."

अशातच नाट्यगृहाचं काम आलं आणि टकाटकची झोप उडाली. दुःखाने नव्हे, आनंदाने! सहा वर्षं बंद पडलेलं नाट्यगृह उघडणार होतं आणि चारशे बारा खुर्च्यांना नवं कापड घालायचं होतं. साठ दिवसांत. खुर्च्या जुन्या, लाकूड असं कठीण की हवेच्या बंदुकीने मारलेल्या पिना गुडघे टेकायच्या. व्यवस्थापक तीन कारागिरांकडून हात हलवत परत आला होता. टकाटकने चौकटीवर अंगठा फिरवला, दोन खिळे मारून दाखवले आणि म्हणाला, "पडद्याच्या रंगाचं कापड आणा. बाकी माझ्यावर सोडा."

व्यवस्थापक गेल्यावर तो रिकाम्या नाट्यगृहात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेला. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला हात लावला. चारशे बारा! मामाच्या अख्ख्या हयातीत एवढं मोठं काम आलं नव्हतं. उभ्या उभ्याच त्याने जिभेने पुढचा दात चाचपला आणि मनात म्हणाला, दोन महिने काढ राजा, मग पडायचं तर पड.

तिसऱ्या दिवशी दातांची डॉक्टर दुकानात आली. पस्तिशीची बाई, बोलायला चटपटीत. तिच्या दवाखान्यातल्या, पेशंट बसतो त्या खुर्चीची गादी फाटली होती आणि खुर्ची जमिनीत बोल्टने आवळलेली. "तिला काही तुमच्याकडे चालत येता येत नाही, काका. तुम्हीच या. रविवारी दवाखाना बंद असतो."

रविवारी टकाटक गेला. गादीच्या खालची फळी सुटी केली, नवा फोम घातला, कापड ताणलं, खिळे तोंडात टाकले आणि लागला. टक-टक. टक-टक. कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टर कागद चाळत होती. तिचे हात थांबले. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली, ट्रॅफिकमध्ये मध्येच नाचणाऱ्या माणसाकडे बघावं तशी.

काम संपलं. त्याने उरलेले खिळे तिच्याच एका स्टीलच्या वाटीत थुंकले. डॉक्टरने वाटी दिव्याखाली धरली.

"काका, हे लाल काय?"

"टोचतात कधी कधी."

"कुठे टोचलं? दाखवा."

"आता कुठे म्हणजे... तोंडात."

"बसा खुर्चीत. नव्या गादीवर पहिले तुम्हीच."

तो अवघडून बसला. आपलं काम आपल्याच पाठीखाली कसं लागतं हे त्याला तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. शिवण जरा डावीकडे सरकलीय असंही वाटलं. डॉक्टरने दिवा खाली ओढला, आरसा घालून दोन्ही गाल, जीभ, ओठ, सगळीकडे पाहिलं.

"एकही जखम नाही," ती म्हणाली. "खिळा टोचला असता तर भोक दिसलं असतं, ओरखडा दिसला असता. रक्त दाताच्या कडेने, हिरडीच्या आतून येतंय. तंबाखू खाता?"

"तोंडात जागा कुठे होती?"

डॉक्टर खळखळून हसली आणि एक बारीक सळई हातात घेतली. सळईवर फूटपट्टीसारख्या खुणा होत्या. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद उतरवायची आणि किती खोल जाते ते स्वतःशी मोठ्याने म्हणायची. "तीन. तीन. पाच. सहा. पाच." पुढच्या वरच्या दातांपाशी आल्यावर तिचा आवाज उतरला. "सहा. सात."

"काय सात?" टकाटकने सळई बाहेर आल्या आल्या विचारलं.

"सात मिलिमीटर. तीनपर्यंत चांगलं. सात म्हणजे हिरडी दाताला सोडून खोल गेलीय. पायोरिया."

"माझ्या मामालाही होतं. आमच्या धंद्यातच आहे ते."

"धंद्यात नाही, कीटणात आहे. हे बघा." तिने आरशात त्याला दातांच्या मागे बसलेला पिवळा-काळा थर दाखवला. "हे वर दिसतं तसंच हिरडीच्या खाली, मुळांवर चढतं. हिरडी सुजते आणि आतलं हाड हळूहळू विरघळत जातं. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. तुमचा दात किडलेला नाही काका. धड आहे. त्याला धरणारं हाड जातंय."

टकाटक ताडकन उठून बसला. दिवा त्याच्या कपाळावर आपटला.

"म्हणजे खिळा चांगला आहे! चौकट कुजलीय!"

"बरोब्बर."

"मग चौकट साफ केली तर? मी जुन्या खुर्चीचं करतो तसं? कुजका भुसा खरवडून काढला, की उरलेल्या लाकडात खिळा धरतो. वर्षानुवर्षं धरतो!"

"तेच करायचं. मुळं खरवडून साफ करायची. गेलेलं हाड परत येईल असं मी सांगणार नाही, पण उरलंय ते टिकवता येतं. बहुतेक दात राहतील. पुढच्या दोघांची खात्री देत नाही, पण प्रयत्न करू."

"आणि पन्नाशी?"

"पन्नाशीचं काय?"

त्याने मामाची गोष्ट सांगितली. पायरीवर बसलेला मामा, रिकामं तोंड, खुंटीवरची हातोडी. डॉक्टर म्हणाली, "मामांना कुणी वेळेवर या खुर्चीत बसवलं असतं, तर कदाचित वेगळं झालं असतं."

दोन पिढ्या ज्याला नशीब समजत होत्या ते दातांवरचं कीटण होतं! त्याला हसावं की मामाच्या नावाने ओरडावं ते कळेना.

"करा सुरू. आत्ताच करा."

"चार वेळा यावं लागेल. रोज दोनदा ब्रश, रक्त आलं तरी. दातांच्या फटींत हे बारीक ब्रश. आणि काका, तोंडात खिळा घालायचा नाही."

"दोन महिने?"

"कायमचं. हलत्या दाताला दिवसभर लोखंड धरायला लावाल, तर मी केलेलं सगळं पाण्यात."

चारशे बारा खुर्च्या टकाटकच्या डोळ्यांसमोरून रांगेने चालत गेल्या.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं एका दमात सांगितलं, दात हलतो हेसुद्धा. बायकोने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"किती दिवस हलतोय?"

"झालं वर्ष."

"वर्ष! आणि मला आज कळतंय? मी काय समोरच्या दुकानातली आहे?"

"अगं, तू घाबरली असतीस."

"मग आता काय मी नाचतेय?" ती उठली, त्याच्या हनुवटीला धरून तोंड उघडायला लावलं, बराच वेळ आत बघितलं. तिला काही कळलं नाही, पण बघून झाल्यावरच ती बोलली. "डॉक्टर म्हणाली ना वाचतील? मग वाचवायचे. खुर्च्यांचं बघू."

खुर्च्यांचं मात्र बघवेना. पहिल्या दिवशी त्याने खिळे ताटलीत ठेवले. हातोडीचं चुंबक ताटलीत घातलं की एकाच्या जागी सात खिळे चिकटायचे, कुणी आडवा, कुणी उलटा, मुंग्या लागल्यासारखे. बोटाने एक सोडवायचा, धरायचा, तेवढ्यात ताणलेलं कापड सुटायचं. अंगठा दोनदा ठेचला. रोज आठ व्हायला हव्या होत्या, झाल्या तीन. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी चार, त्यातली एक उसवून परत केली.

चौथ्या दिवशी बायको खोळी द्यायला पुढे आली आणि त्याची कसरत बघत उभी राहिली. तिच्या डाव्या मनगटावर नेहमीची टाचण्यांची गादी बांधलेली होती, बटाट्याएवढी, साळिंदरासारखी टाचण्यांनी भरलेली.

"अहो, एक विचारू? माझ्या टाचण्या कुठे असतात?"

"मनगटावर."

"तोंडात का नसतात?"

"तुझं तोंड बोलण्यात गुंतलेलं असतं म्हणून."

"करा चेष्टा. पण तुमच्यासारखीच मलाही एका हाताने कापड धरावं लागतं."

टकाटकचा हात हवेतच राहिला. त्याने तिचं मनगट धरलं, उलटसुलट फिरवलं. टाचण्यांची टोकं आत. डोकी वर. सगळ्यांची डोकी वर!

"अगं बाई!" तो ओरडला. समोरचा चहावाला बाहेर येऊन बघायला लागला. टकाटकने फोमची चार बोटं रुंद पट्टी कापली, जाड कापडात गुंडाळली, बायकोने दोन मिनिटांत पट्टा शिवून दिला. मनगटावर बांधून त्यात ओळीने खिळे खोचले, टोकं आत, डोकी वर. हातोडी टेकवली. चुंबकाने एकच खिळा उचलला, सरळ, टोक खाली. टक-टक. हातोडी परत मनगटाला. टक-टक.

"जमतंय!"

"जमणारच. पंचवीस वर्षं तुमच्या नाकासमोर बांधून फिरतेय."

त्या दिवशी पाच झाल्या. पुढच्या दिवशी सात. बायकोने असे तीन पट्टे शिवले. एक रिकामा होईतो दुसरा भरलेला तयार. नऊ झाल्या तेव्हा टकाटकने दुकानाच्या दारात उभं राहून आकडा ओरडून सांगितला. चहावाल्याने त्यात आपल्याला काय फायदा ते न कळताही टाळ्या वाजवल्या.

मध्ये मध्ये दवाखान्याच्या फेऱ्या होत्या. इंजेक्शनने अर्धा चेहरा बधिर व्हायचा आणि मग हिरडीखाली खरवडण्याचा आवाज थेट कवटीत घुमायचा. इतर पेशंट त्या आवाजाला भितात म्हणे. टकाटक मात्र कान देऊन ऐकायचा. जुन्या चौकटीवरचा वाळका सरस पटाशीने निघतो तसाच आवाज, आधी खरबरीत, मग मऊ. मऊ झाला की तो बोट वर करायचा, झालं म्हणून. "काका, मला कळतं हो," डॉक्टर म्हणायची. पण दोनदा त्याचं बोट तिच्या आधी वर गेलं. तिसऱ्या वेळी खालचा एक दात काढावाच लागला. त्याच्या मुळाला धरायला काही उरलंच नव्हतं. टकाटकने तो तळहातावर घेऊन बघितला. सरळ, लांब, एवढासाही डाग नसलेला. त्या रात्री तो फारसं जेवला नाही. वरच्या पुढच्या दोघांना डॉक्टरने मागून बारीक तारेने शेजाऱ्यांशी बांधून टाकलं आणि बजावलं, "या दोघांना काम नाही. यांनी फक्त उभं राहायचं."

आणि सव्वाशे खुर्च्या उरल्या असताना व्यवस्थापक घामाघूम होऊन आला. पहिला प्रयोग तीन दिवस अलीकडे आला होता. आता हातात अकरा दिवस.

"दिवसाला अकरांहून जास्त," टकाटक म्हणाला.

"नाही जमणार का?"

"जमणार नाही असं कोण म्हणालं?"

व्यवस्थापक गेला. टकाटकने मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. बायको मागे मशीनवर होती. पट्टा भरायला लागणारी तेवढी मिनिटंही त्याला आता खुपायला लागली. तीस वर्षांची सवय. हात आपोआप पुडीत गेला, मूठ आपोआप तोंडाशी. खिळ्यांचा तो ओळखीचा थंडगार स्पर्श. जीभ कामाला लागली. टक-टक, टक-टक, टक-टक, टक-टक...

मागची मशीन थांबली.

बायको दारात आली. तिने बघितलंसुद्धा नव्हतं. तिने ऐकलं होतं. मनगटावरून खिळा घेतला की दोन टोल्यांच्या जोड्यांमध्ये एक श्वास जायचा. तो श्वास आता नव्हता. ती शांतपणे त्याच्यासमोर आली आणि त्याच्या हनुवटीखाली हाताची ओंजळ धरली.

"थुंका."

त्याने मान हलवली. तोंड भरलेलं, बोलायची सोय नाही.

"नाट्यगृह सहा वर्षं बंद होतं, कुणी मेलं नाही. थुंका म्हणतेय ना!"

एकेक करून पस्तीस खिळे तिच्या ओंजळीत पडले. ती ओंजळ दिव्याजवळ घेऊन गेली आणि एकेक डोकं निरखून बघू लागली. टकाटक तिच्या पाठीकडे बघत राहिला. खिळे ओले होते. पण लाल एकही नव्हता.

"रक्त नाही," ती वळून म्हणाली. "अहो, एकाही खिळ्याला रक्त नाही!"

तिने खोळींचं उरलेलं काम शेजारणीच्या मशीनवर दिलं आणि स्वतः पट्टे भरायला त्याच्या बाजूला बसली. तो हात पुढे करायचा, ती रिकामा पट्टा सोडून भरलेला बांधायची, तोवर तो दुसऱ्या हाताने पुढच्या खुर्चीवर कापड अंथरून मोकळा. बारा झाल्या. मग तेरा. चारशे बारावी खुर्ची प्रयोगाच्या दिवशी दुपारी बसली. संध्याकाळी दोघं शेवटच्या रांगेत बसली. नाटकात काय झालं ते त्याला आठवत नाही, कारण पुढे बसलेल्या माणसांच्या बुडाखाली काय चाललंय इकडेच त्याचं सगळं लक्ष होतं.

पण खरा निकाल बारा दिवसांनी होता. दवाखान्यात पुन्हा मापं घ्यायची होती. डॉक्टरची मदतनीस रजेवर होती, म्हणून बायको म्हणाली, "तुम्ही बोला, मी लिहिते. आयुष्यभर मापंच लिहितेय." ती वही मांडीवर घेऊन बसली, पेन्सिल कानावरून काढली. टकाटक खुर्चीत आडवा झाला. हाताची बोटं त्याने गादीच्या शिवणीत रुतवून धरली.

"उजवीकडून वर," डॉक्टर म्हणाली. "तीन. तीन. तीन. चार. तीन."

"चार कितवा?"

"चौथा. आधी सहा होता."

बायकोने चारखाली बारीक रेघ मारली. सळई एकेक दात करत पुढे सरकत होती. तीन, चार, तीन. पुढच्या दोघांपाशी सळई थांबली. डॉक्टरने दिवा जरा जवळ घेतला. टकाटकला तिच्या डोळ्यांच्या पापण्यांशिवाय काही दिसत नव्हतं आणि त्या हलत नव्हत्या.

"चार," डॉक्टर म्हणाली.

"हा कोणता?" बायकोने विचारलं.

"सातवाला. शेजारचाही चारच. आणि अख्ख्या तोंडात रक्त दोनच ठिकाणी."

"अअअ!" टकाटक म्हणाला.

"काय म्हणतात?"

"परत घ्या म्हणतायत," बायको म्हणाली. "कुणी माप सांगितलं की दुकानातसुद्धा असंच करतात."

डॉक्टरने परत घेतलं. "चारच आहे काका. कितीदाही घेतलं तरी चार. तार अजून राहू द्यायची, दर तीन महिन्यांनी यायचं, ब्रश सोडायचा नाही. पण या मापांवर हे दोघं पन्नाशी ओलांडतील असं मी म्हणेन. साठीचंही बोलू, पण तुम्ही आलात तर."

टकाटक उठून बसला, गळ्यातला कागदी रुमाल तसाच.

"वाच," तो बायकोला म्हणाला.

"अहो, आत्ता तर ऐकलंत."

"पहिल्यापासून वाच. सगळे."

बायकोने वही डोळ्यांजवळ धरली आणि गिऱ्हाइकाला बाह्या-कंबर वाचून दाखवावी तशा ठणठणीत आवाजात वाचायला लागली. तीन, तीन, तीन, चार. चाराला ती जरा थांबायची आणि आधी किती होतं तेही सांगायची. खालच्या ओळीत काढलेल्या दातापाशी आली तेव्हा "इथे रिकामं" म्हणाली आणि पुढे गेली. डॉक्टर हात पुसत हसत उभी होती. दारावर टकटक झाली, पुढचा पेशंट डोकं आत घालून म्हणाला, "येऊ का?"

"थांबा हो!" टकाटक खुर्चीतूनच ओरडला. "अजून अर्धा जबडा वाचायचा राहिलाय!"